पराते भाऊंचे भाडेकरू

पराते भाऊंना वेळ विचारायची सोय नाही. आपण सहज म्हणावं, "भाऊ, किती वाजले?" तर ते हातातलं काम थांबवतात, कपाळाला आठ्या घालतात आणि विचारतात, "कोणाच्या घडीत?"

घडी म्हणजे घड्याळ. नागपुरात मनगटावर घडीच असते. पराते भाऊंच्या मनगटावर मात्र ती नसते. ज्या माणसाचा सगळा दिवस घड्याळं जुळवण्यात जातो त्याचा हात असा मोकळा कसा, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "घडी बांधली का तिच्यावर भरोसा बसते, मॅडम. भरोसा बसला का आपण पाहणं सोडून देतो. मंग मले धाकधूक होते." एवढं बोलून ते बाटलीतलं पाणी प्यायले. धाकधूक हा शब्द उच्चारला की त्यांना पाणी लागतंच.

आमचं ऑफिस लहान आहे. लोकांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम. मी फोन घेते. कुणाचं काही बंद पडलं की शिव्या आधी माझ्या कानात पडतात, मग मी त्या गाळून घेऊन तक्रार तेवढी पराते भाऊंकडे पाठवते. ते मूळचे उमरेडचे, कोष्ट्यांच्या घरातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग, आणि हे निघाले कॉम्प्युटरकडे. आता हुडकेश्वरला राहतात. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आपण गॅस चालू ठेवून आलो की काय.

त्यांचं काम काय, हे मला समजायला वर्ष गेलं. पूर्वी दवाखाना असो की पतसंस्था, प्रत्येक कामाला वेगळा कॉम्प्युटर असायचा. आता एकच दणकट यंत्र घेतात आणि त्याच्या पोटात पाच-सात कॉम्प्युटर आहेत असं मानून चालतात. आतल्या प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत, आपलं स्वतःचं घड्याळ आहे. खरं तर त्यांचं स्वतःचं काहीच नसतं, सगळं मोठ्या यंत्राच्या जिवावर. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पराते भाऊ मोठ्या यंत्राला घरमालक म्हणतात आणि आतल्यांना भाडेकरू.

या भाडेकरूंची घड्याळं फार चुकतात. निजवून ठेवलेला भाडेकरू उठला की त्याला वाटतं आपण झोपलो ती वेळ अजून चालू आहे. कुणी स्वतःला लंडनला समजतो. म्हणून त्यांना वेळ सांगणारा कुणीतरी लागतो. तो घरमालक असू शकतो, नाहीतर इंटरनेटवरचं एखादं भरवशाचं घड्याळ. त्याला पराते भाऊ चौकातली घडी म्हणतात. दोघांपैकी एकाचंच ऐकायचं, दोघांचं ऐकलं की घरात भांडणं लागतात, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात. चहावाल्यालाही सांगून झालं आहे.

एकदा हुडकेश्वरच्या बसमध्ये त्यांना फोन आला. भरगच्च बस. हे मोठ्यानं बोलू लागले, "कोणता भाडेकरू? बिलवाला? मेला असन तं मरू द्या, मी आलो का उठवतो. नाही उठला तं त्याची कॉपी ठेवली आहे मी." शेजारची बाई उठून पुढे जाऊन उभी राहिली. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी मात्र उतरताना त्यांना गाठलं आणि दोन खोल्या रिकाम्या आहेत का, नळ कधी येतो, असं विचारू लागले. ते गृहस्थ अजून त्यांना रस्त्यात दिसले की नमस्कार करतात.

पोह्यांच्या टपरीवरही त्यांचं असंच झालं. आमच्या ऑफिसखाली एक तर्री-पोहेवाला आहे. त्याच्या टपरीतलं घड्याळ पुढे होतं. पराते भाऊ रोज ते पाहत, रोज अस्वस्थ होत, शेवटी एक दिवस स्टुलावर चढून त्यांनी ते बरोबर केलं. पोहेवाल्यानं ते पाहिलं आणि हात जोडले. म्हणाला, ते मुद्दाम पुढे ठेवलंय, ऑफिसची मंडळी घाईत खाऊन उठतात, जागा मोकळी होते. पराते भाऊ पेचात पडले. चुकीचं घड्याळ चुकूनच चुकीचं असावं, मुद्दाम चुकीचं असू नये, असं त्यांचं मत. पण पोह्यांची चव चांगली होती. शेवटी त्यांनी ते पुन्हा पुढे केलं आणि तेव्हापासून त्या घड्याळाकडे पाठ करून बसतात.

उमरेडला पुतणीच्या लग्नात तर त्यांना उचलून जेवायला बसवावं लागलं. हॉलचं घड्याळ मागे होतं. त्या घड्याळाप्रमाणे मुहूर्त अजून यायचा होता आणि नवरदेवाची वरात दारात नाचत होती, त्यामुळे सगळे खुशीत होते. पराते भाऊंनी भटजींना बाजूला घेऊन सांगितलं, की मुहूर्त टळून गेला आहे. भटजी म्हणाले, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्याला कशाला सांगता? पण यांच्या पोटात ते राहीना. मुलीचा मामा आला, यांच्या दंडाला धरून म्हणाला, "भाऊजी, तुम्ही जेवून घ्या," आणि पंगत लागायच्या आधीच त्यांना एकट्याला पान वाढलं.

तर असा हा माणूस. आम्ही हसायचो त्यांना. आणि आमचे बागडे साहेब चिडायचे, कारण पराते भाऊ रविवारीही सगळ्या भाडेकरूंची घड्याळं बघून घेत आणि आधी साहेबांना, मग मला घरी, मनीषनगरला फोन करत. काही झालं नसलं तरी. "काही नाही, मॅडम. उगाच धाकधूक होऊन राहिली."

गेल्या उन्हाळ्यात ती धाकधूक खरी झाली.

आमच्याकडे एका खाजगी हॉस्पिटलचं काम होतं. तिथल्या मोठ्या यंत्रातला एक भाग बदलायचा होता. बाहेरून एक इंजिनीअर आला, सगळे झोपेत असताना यंत्र बंद करून, भाग बदलून, चालू करून निघून गेला. सकाळी सगळं सुरळीत दिसलं. उन्हं चढल्यावर रंगारी सिस्टरांचा फोन आला. या तिथल्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर. आवाज कधी चढत नाही. त्या दिवशीही चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

वॉर्डात प्रत्येक सिस्टरकडे एक स्क्रीन असतो. कोणत्या पेशंटला कोणतं औषध कधी द्यायचं ते त्यावर येतं. दिलं की बटण दाबायचं. वेळ टळली की नाव लाल होतं. रंगारी सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, सगळा वॉर्ड लाल झाला. आत्ता नाश्ते आटोपले अन् हा म्हणून राहिला, दुपारची औषधं राहून गेली."

मी तसंच पराते भाऊंना सांगितलं. ते पाणी प्यायले आणि स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "साडेपाच तास पुढं असन."

जगाचं म्हणून एक प्रमाण घड्याळ असतं आणि आपण भारतातले लोक त्यात साडेपाच तास मिळवतो. साडेपाच तासांची गडबड झाली की समजायचं, कुणीतरी ते मिळवायचे विसरलं, नाहीतर दोनदा मिळवले. पराते भाऊंना वाटलं, वॉर्डवाल्या भाडेकरूची टाइम झोन कुणीतरी बिघडवली. त्यांनी ऑफिसात बसूनच त्याची वेळ मागे घेतली. लाल रंग गेला. मी सिस्टरांना फोन करून सांगितलं, झालं. त्या बरं म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांचाच फोन. पुन्हा लाल.

पराते भाऊंनी पुन्हा वेळ मागे घेतली. पुन्हा ती उडी मारून पुढे गेली. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या तोंडचं मॅडम गेलं. फार घाबरले की ते घरच्या बाईशी बोलावं तसं माझ्याशी बोलतात.

"काहून गा असं करते हे," ते स्वतःशीच बोलले, मग माझ्याकडे वळले. "दोन घड्या भांडून राहिल्या, वं. मी एक सांगून राहिलो अन् दुसरं कोणीतरी त्याच्या कानात भलतंच सांगून राहिलं. गाडी काढ तुझी."

माझ्या स्कूटीवर मागे बसून ते निघाले. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, मी तोंडाला दुपट्टा बांधलेला. मागून त्यांचं पुटपुटणं चालू होतं. सिग्नलला गाडी थांबली की ऐकू यायचं. ते मनातल्या मनात सगळे भाडेकरू मोजत होते, कुणाचं कुणी ऐकतं ते. मीही घाबरले होते, पण माझी भीती साधी होती. साहेब रागावतील, गिऱ्हाईक जाईल. हॉस्पिटलच्या दारात उतरताना त्यांनी जे विचारलं, ते तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"वॉर्डात सकाळपासून सुया कोणाकोणाले देल्या, हे खरं कोणाले माहीत आहे?"

यंत्राच्या खोलीत बागडे साहेब आधीच येऊन उभे होते. पराते भाऊंनी घरमालकाचं घड्याळ उघडलं. तिथे एक गोष्ट लगेच सापडली. यंत्राचं मूळ घड्याळ जगाच्या वेळेवर ठेवायचं असतं. त्या इंजिनीअरनं भाग बदलल्यावर ते आपल्या हातातल्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे भारतीय वेळेवर लावलं होतं. यंत्रानं त्यात आपल्या सवयीनं आणखी साडेपाच तास मिळवले. साहेबांचा चेहरा उजळला. चूक बाहेरच्या माणसाची होती.

पण बाकीचे भाडेकरू बरोबर वेळ दाखवत होते. ते चौकातल्या घडीचं ऐकत होते. एक वॉर्डवालाच घरमालकाचंही ऐकत होता. पराते भाऊंनी त्याची सेटिंग उघडली. तिथे एका चौकोनात टिक होती. घरमालकाची वेळ पाळा, अशी.

ते त्या टिककडे बघत राहिले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी टिकवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ही मी केली आहे. मागं एकदा इंटरनेट बंद होतं, तेव्हा तात्पुरती केली. काढायची राहून गेली."

ज्यानं चहावाल्यालाही सांगितलं होतं, की दोघांचं ऐकू नका, त्यानंच याला दोघांचं ऐकायला लावलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

साहेबांनी दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की टिक काढा, वेळ सरळ करा, आणि हे या खोलीतच राहू द्या. पराते भाऊंनी टिक काढली. वेळ सरळ केली. तेवढ्यात रंगारी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, भागाबाईंच्या नावावर इन्सुलिनच्या दोन नोंदी दिसत आहेत.

भागाबाई म्हणजे वॉर्डातल्या खिडकीजवळच्या कॉटवरच्या म्हाताऱ्या बाई. साखरेमुळे पायाची जखम चिघळली म्हणून आलेल्या. त्यांना सकाळी एकदा इन्सुलिन द्यायचं होतं. दोनदा दिलं गेलं असेल, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकतं, हे सिस्टरांनी सांगितलं तेही त्याच शांत आवाजात. सकाळच्या नव्या सिस्टरला विचारलं, तर ती रडत होती. आधी म्हणाली एकदाच दिलं, मग म्हणाली आठवत नाही, स्क्रीन सारखा बदलत होता. डॉक्टरांनी साखर तपासायला सुरुवात केली होती. स्क्रीन बंद करून सिस्टरांनी कधीचाच कागदावर कारभार सुरू केला होता, त्या साहेबांना विचारायला थांबल्या नव्हत्या.

साहेब म्हणाले, "पराते, यंत्रात बघा ना नोंद कधीची आहे ते."

"यंत्राले नका विचारू, साहेब. आज त्याले काहीच माहीत नाही."

खरंच होतं ते. घड्याळ पुढे उडालं, मागे आलं, पुन्हा उडालं. कोणती नोंद कोणत्या वेळेत पडली, सांगायला मार्ग नव्हता. पराते भाऊ उठले आणि सरळ वॉर्डात गेले. आम्ही मागोमाग.

भागाबाई उशाला टेकून बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नऊवारी नेसलेल्या, हातात चादरीचा काठ. तो दोन बोटांत चोळून बघत होत्या. नाकात बोलल्यासारखं त्या आपल्याशीच म्हणाल्या, "मिलचं हाय." पराते भाऊंनी स्टूल ओढलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसले.

"माय, आज सकाळपासून काय काय झालं, सांगता काय मले? पहिल्यापासून."

"तू डॉक्टर हायस काय?"

"नाही. मी घडीवाला आहे."

हे त्यांना पटलं. पण पहिल्यापासून म्हणजे कुठून, याबद्दल त्यांचं मत वेगळं होतं. त्यांनी आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भाजीपासून सुरुवात केली. भाजीत मीठ नव्हतं. मग शेजारणीचा खोकला. मग पहाटे कुणाचं तरी भांडं पडलं. साहेब पाय बदलत होते. त्यांनी मधे तोंड घालून विचारलं, आजी, सुई किती वेळा दिली तेवढं सांगा. भागाबाई गोंधळल्या, धागा तुटला. पराते भाऊंनी साहेबांकडे बघितलंही नाही. म्हणाले, "भांडं पडलं. मंग?"

मग झाडणारी बाई आली. मग चहा आला, बिनसाखरेचा, त्याला चहा म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न. मग सुईवाली पोरगी आली. टोचून गेली. मग उपमा.

"उपम्याच्या नंतर?"

"नंतर ते पोरगी पुन्हा आली."

सिस्टरांनी कॉटची दांडी धरली. पराते भाऊंचा आवाज मात्र जराही बदलला नाही. मला अजून नवल वाटतं, रोज रिकाम्या कारणानं घाबरणारा हा माणूस तेव्हा इतका सावकाश कसा बोलू शकला.

"मंग?"

"ते पाटी असते ना त्याईच्या हातात, टीव्हीवानी. ते पाहे अन् बोट दाबे. भेली होती बिचारी. सुई काढली तिनं."

"काढली. मंग?"

"मी म्हटलं, बाई, आत्ताच तं टोचलं तू मले, किती टोचतं? तशी उभी राहिली. अन् सुई घेऊन निघून गेली."

"टोचली नाही ना, माय?"

"आता मले दुखते ना गा," भागाबाई म्हणाल्या. "मले नाही समजणार?"

म्हणजे सुई एकदाच टोचली होती. पहिली नोंद पुढच्या वेळेत पडली, मग घड्याळ मागे आलं असणार, त्यामुळे नोंद दिसेनाशी झाली आणि नाव पुन्हा लाल झालं. पोरीनं बटण आधी दाबलं, सुई नंतर काढली आणि म्हातारीनं तिला थांबवलं. रंगारी सिस्टरांनी नव्या सिस्टरला बोलावून हे ऐकवलं, तेव्हा तिला आठवलं. हो, म्हणाली, आजीच नको म्हणाल्या. आणि पुन्हा रडू लागली.

डॉक्टरांनी तरी भरवसा ठेवला नाही. दुपार उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा साखर तपासली. प्रत्येक वेळी ठीक निघाली. पराते भाऊ तेवढा वेळ स्टुलावरून हलले नाहीत. बोलण्याबोलण्यात उमरेड निघालं. भागाबाई उमरेडच्याच, तिकडे त्यांचाही माग होता, नवरा गेल्यावर मोडला. मुलगा दूर कामाला, सुट्टी मिळाली की येतो. चादर मिलची आहे, हे त्यांनी पराते भाऊंकडून दोनदा तपासून घेतलं.

साखरेचं संकट टळलं, तसे साहेब सावरले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी पराते भाऊंना समजावलं, की इंजिनीअरची चूक आहे तेवढी सांगायची, टिकचं कुणाला कळणार नाही. पराते भाऊंनी ऐकून घेतलं. मग डॉक्टर दिसले, तसे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"त्या माणसाची चूक अर्धी आहे, डॉक्टर साहेब. अर्धी माझी आहे."

आणि टिकचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मधे काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, की सगळ्या नोंदी दुरुस्त करा, आणि यापुढे आमच्याकडे दुसरा माणूस पाठवा.

संध्याकाळपर्यंत पराते भाऊ रंगारी सिस्टरांबरोबर कॉटमागून कॉट फिरले. मी कागदावर लिहून घेत होते. एका पेशंटच्या बायकोनं प्रत्येक गोळी कूलरमधे पाणी भरण्यावरून सांगितली, पाण्याच्या आधीची आणि पाण्यानंतरची. एक आजोबा काही सांगायलाच तयार नव्हते, त्यांना वाटलं आम्ही बिलात काही वाढवायला आलो. पण बहुतेकांना सगळं आठवत होतं. कॉटवर पडलेल्या माणसाला दुसरं करायचं तरी काय असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फर्मान काढलं. हॉस्पिटल आमच्याकडे राहिलं होतं, कसंबसं. परातेंनी तिथे पाऊल टाकायचं नाही. पराते भाऊ मान हलवून आपल्या जागी बसले. त्या दिवसांत ते कुणाला काही समजावून सांगेनासे झाले. पोहे खायला खाली येईनात. कुणी वेळ विचारली तर सांगून टाकत, उलट प्रश्न नाही की आठ्या नाहीत. आमच्या ऑफिसात मग वेळ विचारणंच बंद झालं.

मग एक दिवस ऑफिस सुटल्यावर साहेबांचा मला फोन आला. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून त्यांना कळलं होतं, की पराते तिथे रोज संध्याकाळी येतात. साहेब हादरले होते. नको म्हटल्यावरही हा माणूस जाऊन यंत्राशी खेळतोय, आता पुन्हा काही झालं तर आपण संपलो, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः गावाबाहेर होते. म्हणाले, तुम्ही जा, त्यांना तिथून घेऊन या, आणि काय करत होते ते मला लगेच कळवा.

मी गेले. वाटेत सारखं त्या टिकवर खिळलेले त्यांचे डोळे आठवत होते. अपराधानं माणूस काय करील सांगता येत नाही, असं काहीबाही मनात येत होतं. यंत्राच्या खोलीला कुलूप होतं. आत दिवा नव्हता. मला आणखीच धास्ती वाटली. वॉर्डात गेले, तर रंगारी सिस्टर औषधं लावत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि काही न विचारता खिडकीकडे मान वळवली.

भागाबाई आडव्या झाल्या होत्या. डोळे मिटलेले. स्टुलावर पराते भाऊ, माझ्याकडे पाठ. मला वाटलं, हे त्यांची विचारपूस करत असतील, आज काय झालं, किती सुया दिल्या. पण बोलत होते ते स्वतःबद्दल.

"...मंग बसमध्ये जागा नाही भेटली. उभ्यानंच आलो. ऑफिसात गेलो तं पंखा बंद. मंग बिलवाल्याचं काम होतं, ते केलं. मंग डबा खाल्ला."

"काय होतं डब्यात?" भागाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"बेसन अन् पोळ्या."

"कोनं केलं?"

"मीच केलं."

"बायको?"

"नाही, माय. केलंच नाही लग्न. आई होती तोवर आई होती."

"पोळ्या फुगते तुह्या?"

"नाही फुगत."

"पीठ मऊ भिजवावं लागते," त्या म्हणाल्या. थोडा वेळ गेला. मला वाटलं, झोपल्या. पराते भाऊही तसेच बसून राहिले, हात गुडघ्यांवर, शिक्षकांनी थांबायला सांगितलेल्या मुलासारखे.

"हं," भागाबाई म्हणाल्या. "डबा खाल्ला. मंग?"

"मंग," पराते भाऊ पुढे सरकून बसले, "मंग दुपारी एक फोन आला..."

माझा फोन वाजला. साहेब होते. मी घाईनं व्हरांड्यात आले. त्यांनी विचारलं, सापडले का, यंत्राजवळ आहेत का, काय करतायत?

"यंत्राजवळ नाहीत, साहेब," मी म्हटलं. "घरच्यांशी बोलत बसलेत."